रोबो काय करू पाहतोय हे लोकांना कळतं का? चाचणी घ्यायची पद्धत, टप्प्याटप्प्याने

दरवर्षी परीक्षेच्या आधी अभियांत्रिकीच्या आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल माझ्याकडे वाचायला येतात. माणसांत वावरणाऱ्या रोबोचा हेतू समोरच्याला कळतो का, हा विषय त्यांत आता हमखास असतो. रोबो मन लावून बांधलेला असतो, रात्री जागून प्रोग्रॅम लिहिलेला असतो. शेवटी "बहुतेकांना रोबोचा हेतू समजला" असा निष्कर्ष येतो. खोदून विचारलं की कळतं, रोबोने कप उचलून माणसाच्या हातात दिला आणि मग विचारलं, "रोबोला काय करायचं होतं?" घडून गेलेल्या गोष्टीवरच्या या प्रश्नातून हेतू कळला की नाही हे समजत नाही. समजतं ते एवढंच, की माणसाने कप पाहिला.

ही चूक आणि तिच्यासारख्या आणखी पाच-सहा चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत, म्हणून सगळी पद्धत एकदा सविस्तर लिहितो. उदाहरण एकच धरू. टेबलावर एक निळा आणि एक पिवळा कप आहे. समोर डोकं आणि एक हात असलेला छोटा रोबो आहे. तो दोन्हीपैकी एक कप उचलणार आहे. तुमचा रोबो चाकांवर फिरणारा असला, ताटं वाहणारा असला, तरी टप्पे हेच.

## सुरू करण्याआधी: तीन प्रश्न वेगळे करा

"हेतू कळला का" या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात.

पहिला: पुढे काय होणार हे माणसाला वेळेत कळतंय का?
दुसरा: रोबोला काय दिसतंय, काय माहीत आहे, याबद्दल माणसाचा समज काय आहे?
तिसरा: रोबोला मन आहे, इच्छा आहे, असं माणसाला वाटतं का?

तिन्हींची उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र असू शकतात. वॉशिंग मशीन आता कपडे पिळणार हे घरात सगळ्यांना आवाजावरून कळतं, पण मशीनला मन आहे असं कोणी मानत नाही. उलट बाजूला फ्रिट्झ हायडर आणि मेरीअन झिमेल यांचा १९४४ सालचा प्रयोग आहे. त्यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे सरकतानाची छोटी फिल्म दाखवली. पाहणाऱ्या ३४ जणांपैकी फक्त एकाने तिचं वर्णन निव्वळ आकारांच्या भाषेत केलं. बाकीच्यांनी पाठलाग, भांडण, सुटका अशा गोष्टी सांगितल्या. म्हणजे मन बहाल करायला माणसाला चेहराही लागत नाही. म्हणूनच "लोकांना रोबो जिवंत वाटला" हा निष्कर्ष "लोकांना रोबोचा हेतू कळला" याच्या जागी चालत नाही.

तुमचा मुख्य प्रश्न यातला कोणता, ते पहिल्या पानावर लिहा. मी पहिला घ्या म्हणतो, कारण त्यात बरोबर-चूक ठरवता येतं आणि माणसाची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.

## टप्पा १: रोबोचा हेतू आधी कागदावर

चाचणीत लोकांना रोबोच्या हालचालींच्या छोट्या व्हिडिओ क्लिपा दाखवायच्या आहेत. प्रत्येक क्लिपसाठी एक वाक्य: "रोबो निळा कप उचलून उजव्या कडेला ठेवेल." तारीख घाला आणि गाइडची सही घ्या. हे आधी केलं नाही, तर लोकांची उत्तरं हातात आल्यावर "तसाही अर्थ निघू शकतो" म्हणत चुकीची उत्तरं बरोबर धरली जातात. विद्यार्थी हे फसवायला करत नाहीत, स्वतःच्या रोबोवरच्या मायेने करतात. पण निकाल बिघडायचा तो बिघडतोच.

त्याच कागदावर दुसरी यादी करा: तुम्ही न ठरवलेल्या पण रोबो करतो त्या गोष्टी. हात सुरू होताना बसणारा हिसका, मधला थांबा, मोटरची घरघर, लुकलुकणारा दिवा. लोक तुमच्या हेतूइतकाच या गोष्टींनाही अर्थ लावतात.

हे मला एका प्रकल्पाच्या वेळी नीट कळलं. मुलांनी कॉलेजच्या कँटीनमधल्या मावशींना चाचणीला बसवलं होतं. रोबोचा हात कप घेऊन निघाला आणि मध्येच थांबला. पुढच्या मार्गाचं गणित व्हायला दोनेक सेकंद लागत होते, एवढंच कारण होतं. मावशींनी पदराला हात पुसला आणि कप घ्यायला पुढे केला. "द्यायलाच थांबलाय ना तो?" तेवढ्यात हात पुन्हा सुरू झाला. शेजारच्या मुलाने बटण दाबलं म्हणून मावशींची बोटं वाचली. मुलांच्या वहीत त्या थांब्याची नोंदसुद्धा नव्हती, कारण त्यांच्या लेखी तिथे काही घडलंच नव्हतं.

सावधान: रोबो प्रत्यक्ष समोर असेल तर तातडीने बंद करायचं बटण एकाच्या हातात हवं आणि त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही. माणसाची खुर्ची हाताच्या पोहोचेबाहेर ठेवा, जमिनीवर चिकटपट्टीने रेघ मारा.

## टप्पा २: हालचालींचे दोन नमुने तयार करा

तुलनेशिवाय चाचणीला अर्थ नाही. एकच हालचाल दाखवून ती लोकांना कळली म्हणजे चांगली कळली की जेमतेम, हे ठरत नाही.

इथे २०१३ साली अँका ड्रॅगन, केंटन ली आणि सिद्धार्थ श्रीनिवास यांनी मांडलेला फरक कामी येतो. रोबो निळा कप घेणार हे आधीच माहीत असेल, तर आपण हात सरळ कपाकडे जाईल असं धरतो. ही अपेक्षित हालचाल. पण कुठला कप हे माहीत नसेल, तर सरळ जाणारा हात बराच वेळ दोन्ही कपांच्या मधोमध वाटतो. त्याऐवजी हात सुरुवातीलाच पिवळ्यापासून लांब, निळ्याच्या बाहेरच्या बाजूने वळण घेऊन गेला, तर हेतू लवकर उघड होतो. ही सुवाच्य हालचाल. दोन्ही चांगल्या, पण काम वेगळं. अनेक अहवालांत त्या एकच समजलेल्या दिसतात.

पहिला नमुना सरळ, दुसरा वळणाचा घ्या. दोन्हींचा एकूण वेळ सारखा ठेवा, नाहीतर लोकांना वळण कळलं की संथपणा, ते सांगता येणार नाही. वळण अती मोठं केलं तर लोकांना वाटतं हात तिसरीकडेच चाललाय, म्हणून आधी चार-पाच जणांवर करून पाहा.

कप दोनच ठेवा. तीन ठेवायचा मोह होतो, पण मधल्या कपासाठी हात कुठल्याही बाजूला वळवला तरी तो शेजारच्या कपाकडे गेल्यासारखा दिसतो. मधल्याला सुवाच्य वळणच नाही.

डोकं असेल तर ते पहिल्या फेरीत स्थिर ठेवा. रोबोच्या नजरेचा परिणाम फार मोठा असतो. बिल्गे मुतलू आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक ओळखाओळखीचा खेळ घेतला होता. रोबोने मनात धरलेली वस्तू माणसाने हो-नाहीचे प्रश्न विचारून ओळखायची. रोबोने त्या वस्तूकडे क्षणभर नजर टाकली, तर लोकांना कमी प्रश्न लागत होते. तुमच्या रोबोचं डोकं हाताबरोबर आपोआप वळत असेल, तर तुम्ही हाताची चाचणी घेतच नाही आहात, नजरेची घेताय.

## टप्पा ३: चोरवाटा बंद करा

माणूस उत्तर कुठून काढतो याची खात्री हवी. पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

आवाज: डोळे मिटून बसा आणि सहकाऱ्याला दोन्ही हालचाली चालवायला सांगा. खांद्याची मोटर डावीकडे जाताना वेगळी वाजते का? वाजत असेल तर क्लिपमधला आवाज काढा किंवा सगळ्यांना सारखा पार्श्वआवाज द्या.

तुम्ही स्वतः: रोबो चालवणारा मुलगा खोलीत असेल तर तो नकळत योग्य कपाकडे बघतो. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितांची उत्तरं देतो अशी ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं, की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीक हालचाल पाहून घोडा खूर आपटणं थांबवत होता. तुमच्या चाचणीत बसलेली माणसं त्या घोड्यापेक्षा हुशार आहेत. म्हणून चालवणारा पडद्याआड हवा, आणि प्रश्न विचारणाऱ्याला कुठली क्लिप चालू आहे हे माहीत नको.

रंग आणि जागा: निळा कप कायम डावीकडे ठेवू नका. काही लोकांचा ओढा एकाच बाजूकडे असतो.

तपासणी: हालचाल सुरू होण्याआधीचं स्थिर चित्र दहा जणांना दाखवा आणि कुठला कप उचलला जाईल ते विचारा. उत्तरं साधारण निम्मी-निम्मी यायला हवीत. एकीकडे झुकली तर टेबलाची मांडणी बदला. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: माणसं निवडा

रोबोटिक्स क्लबमधली मुलं नकोत, ज्यांनी हा रोबो आधी पाहिलाय तेही नकोत. तुमचा रोबो उद्या दवाखान्यात जाणार असेल तर पन्नाशी-साठीतली माणसं हवीतच.

४८ जण गोळा करा. २४ जणांना फक्त सरळ हालचाल, २४ जणांना फक्त वळणाची. एकाच माणसाला दोन्ही दाखवल्या की पहिली पाहून तो दुसरीचं कोडं सोडवायला लागतो. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. सकाळी आलेले एका गटात आणि दुपारी आलेले दुसऱ्यात, असं करू नका.

## टप्पा ५: सूचनेची भाषा

इथे मराठीत चाचणी घेणाऱ्यांची सर्वांत मोठी घसरगुंडी होते, कारण सूचना बहुतेक वेळा इंग्रजीतून घाईने उतरवलेल्या असतात.

"यंत्रमानव" हा शब्द सूचनेत वापरू नका. त्यात मानव आधीच बसलेला आहे. "हे यंत्र" म्हणालात तर पारडं दुसरीकडे झुकतं. "रोबो" म्हणा आणि शक्य तिथे "रोबोचा हात".

प्रश्नातलं क्रियापद फार जपून निवडा. "त्याला कुठला कप हवाय?" या प्रश्नात इच्छा तुम्हीच घातलीत. मग माणूस "निळा हवाय" म्हणाला, तर ते त्याचं मत नाही, तुमच्या वाक्याचा पडसाद आहे. "रोबो काय करायचा प्रयत्न करतोय?" हाही तसलाच प्रश्न. साधं विचारा: "आता पुढे काय होईल असं वाटतं?"

आणि "आम्ही हा रोबो बनवलाय" हे सांगू नका. मराठी माणूस समोरच्या मुलांचं मन मोडत नाही. "छान आहे हो, कळतंय की सगळं" असं म्हणून उठतो.

## टप्पा ६: मध्येच थांबवा आणि विचारा

चाचणीचा गाभा हाच आहे. क्लिप शेवटपर्यंत दाखवायची नाही. हाताने एक तृतीयांश अंतर कापलं की चित्र थांबवा आणि या क्रमाने विचारा:

१. "आता पुढे काय होईल असं वाटतं?" पर्याय देऊ नका. उत्तर शब्दशः लिहा किंवा परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.
२. "कुठला कप उचलला जाईल: निळा, पिवळा, की अजून सांगता येत नाही?"
३. "किती खात्री आहे?" एक ते सात.
४. "कशावरून वाटलं?"

मोकळा प्रश्न आधी, पर्यायांचा नंतर. उलटं केलंत तर कप हा शब्द तुम्हीच त्याच्या तोंडात घातलेला असतो. पहिल्या प्रश्नाला "टेबल पुसेल बहुतेक" असं उत्तर येऊ शकतं, आणि तुमच्या रोबोबद्दलची ती सर्वांत मोलाची माहिती असते.

"अजून सांगता येत नाही" हा पर्याय गाळू नका. खात्री नसताना सावध राहणारा माणूस आणि चुकीची खात्री बाळगणारा माणूस, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कँटीनच्या मावशी दुसऱ्या प्रकारात होत्या आणि धोका तिथेच असतो.

यानंतर दुसरी क्लिप दाखवा, त्याच नमुन्यातली पण दुसऱ्या कपाची. ही माणसाने स्वतः थांबवायची: "खात्री वाटली की बटण दाबा." थांबवण्याची वेळ आणि उत्तर, दोन्ही नोंदवा. नुसती वेळ पाहिली तर उतावळे लोक हुशार ठरतात.

सावधान: उत्तर बरोबर की चूक हे चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. "अगदी बरोबर" हे शब्द तोंडातून निसटले की त्या माणसाची पुढची उत्तरं बाद धरा.

## टप्पा ७: मराठी उत्तरांची वर्गवारी

मोकळ्या उत्तरांचे पाच गठ्ठे करा: निव्वळ हालचाल, पुढचा अंदाज, इच्छा किंवा हेतू, माहिती किंवा दृष्टी, यंत्राचं कारण.

"हात डावीकडे वळलाय" ही हालचाल. "निळा कप उचलेल" हा अंदाज. "त्याला निळा घ्यायचाय", "मुद्दाम थांबलाय", "ठरवलंय त्याने" ही इच्छा. "त्याला पिवळा दिसलाच नाही" ही माहिती. "अडकला", "हँग झाला", "तसं सेटिंग केलंय" हे यंत्राचं कारण.

अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. "उचलणार" हे ऐकून विद्यार्थी लगेच हेतूच्या गठ्ठ्यात टाकतात. पण आपण "आज पाऊस पडणार" असंही म्हणतो आणि पावसाला हेतू देत नाही. नुसतं "-णार" अंदाजात टाका. "उचलायचाय" आलं तरच इच्छा. तसंच "तो" या सर्वनामावरून काही ठरवू नका, आपल्याकडे पंखाही तो आणि फ्रीजही तोच. "बिचारा" किंवा "लबाड" असा शब्द आला, तर तो मात्र शेजारी वेगळा नोंदवा. "विचार करतोय" हे सगळ्यात फसवं. मोबाईल संथ झाला तरी लोक हेच म्हणतात. तिथल्या तिथे विचारा, "म्हणजे नेमकं काय?" आणि पुढचं वाक्य पाहून गठ्ठा ठरवा.

वर्गवारी दोघांनी स्वतंत्रपणे करायची, आणि उत्तर कुठल्या गटातल्या माणसाचं आहे हे दोघांनाही माहीत नको. दोघांचं किती जुळलं ते कोहेनच्या कॅपाने काढा, म्हणजे योगायोगाने जुळणारा भाग वगळून सहमती मोजणाऱ्या आकड्याने. जुळलं नाही तर गठ्ठ्यांची व्याख्या सुधारून सगळं पुन्हा करा. वाद घालून एकमत केलेले आकडे चालत नाहीत.

## टप्पा ८: रोबोला काय दिसतं, हे वेगळं विचारा

रोबोला काय दिसतंय याबद्दल माणसाचा समज चुकला, तर हेतूबद्दलचा अंदाजही कोसळतो. सॅम थेलमन आणि टॉम झीम्के यांनी या अडचणीवर नेमकं बोट ठेवलं आहे. आपण समोरच्याचे डोळे पाहून त्याला काय दिसतंय ते ठरवतो, पण रोबोचे डोळे बऱ्याचदा डोळे नसतातच. नाओ हा ५८ सेंटिमीटर उंचीचा रोबो अनेक प्रयोगशाळांत आहे. त्याच्या डोळ्यांच्या जागी दिवे आहेत. कॅमेरे दोन, एक कपाळावर आणि एक तोंडापाशी. घरात फिरणाऱ्या झाडूच्या रोबोला तर अनेकदा कॅमेराच नसतो. तो खुर्चीच्या पायाला धडकून वळतो आणि घरातले म्हणतात, "कचरा शोधतोय."

एका कपासमोर पुठ्ठा उभा करा आणि विचारा: "रोबोला या क्षणी टेबलावरचं काय काय दिसत असेल?" उत्तराची तुलना कॅमेऱ्याच्या खऱ्या चित्राशी करा. हा टप्पा दहा मिनिटांचा आहे, तरी बहुतेक अहवालांत नसतो.

## टप्पा ९: मनाबद्दलची प्रश्नावली सर्वांत शेवटी

आधी दिली तर माणूस रोबोकडे त्याच चष्म्यातून पाहतो. तयार साधनं आहेत. सेरेना मार्केसी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली आयकब या रोबोच्या चित्रांची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात ३४ प्रसंग आहेत, आणि प्रत्येकासाठी यांत्रिक स्पष्टीकरण व मनाचं स्पष्टीकरण यांच्यामध्ये खूण सरकवायची असते. २००९ सालची गॉडस्पीड प्रश्नावलीही खूप वापरतात. ती रोबो कसा वाटला हे मोजते, त्याचा हेतू कळला का हे नाही.

भाषांतर स्वतः करत असाल तर दुसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या. जाणीव असलेला आणि नसलेला, अशी एक जोडी गॉडस्पीडमध्ये आहे. एका अहवालात तिचं "शुद्धीत – बेशुद्ध" झालं होतं आणि लोकांनी रोबो बेशुद्ध आहे का याचं प्रामाणिक उत्तर दिलं होतं.

## टप्पा १०: मोजणी

कप दोन, म्हणजे डोळे मिटून बोललं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. २४ पैकी १४ बरोबर आली म्हणून आनंदू नका. २४ पैकी १८ किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या नशिबाने घडायची शक्यता मात्र शंभरात साधारण एक आहे. या हिशेबात प्रत्येकाचं पहिल्या क्लिपचंच उत्तर धरा, दोन्ही क्लिपा मिळवून ४८ करू नका. "सांगता येत नाही" म्हणणाऱ्यांना बरोबरमध्ये धरायचं नाही, आणि गाळायचंही नाही. तक्त्यात तीन रकाने करा: बरोबर, चूक, सांगता येत नाही. चूक असून खात्री पाच किंवा त्याहून जास्त दिलेल्यांची संख्या खाली वेगळ्या ओळीत लिहा. परीक्षकांनी विचारलं नाही तरी लिहा.

## टप्पा ११: जाण्याआधी खरं सांगा

रोबो पडद्याआडून मुलगा चालवत होता, असं असेल तर ते माणूस उठायच्या आत सांगा आणि अहवालातही लिहा: कोण चालवत होतं, त्याला काय दिसत होतं, काय ठरवायची मुभा होती. सगळ्या क्लिपा आता पूर्ण दाखवा. विशेषतः वयस्कर लोकांना थांब्याचं कारण साध्या शब्दांत सांगा, कारण उद्या दुसरीकडे असाच हात थांबलेला दिसला की तेही कप घ्यायला हात पुढे करतील. त्या मावशींना मुलांनी नंतर प्रोग्रॅम उघडून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग थांबताना तांबडा दिवा तरी लावा की." मुलांनी तो लावला आणि चाचणी पहिल्यापासून पुन्हा घेतली.